अमावास्येला बंद राहणारं पोर्टल

२० ऑगस्ट २०२४
आज कुलसचिवांच्या बैठकीत आमच्या ऑफिसातल्या नव्या उत्कर्षानं प्रबंधांचं नवं पोर्टल दाखवलं. विद्यार्थी घरबसल्या पीएच.डी.चा प्रबंध चढवणार, गाइड मोबाइलवरून मान्यता देणार. टाळ्या! मी एकट्यानं उभं केलेलं पोर्टल तिच्या भाषणात दोन शब्दांत संपलं – ‘जुनी सिस्टिम’. पोरं पिशवीतून प्रबंधांच्या सीड्या आणायची तेव्हा ही शाळेत होती. मराठी प्रबंधांचे फॉन्ट फुटून नुसत्या चौकटी दिसायच्या. ते निस्तरण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. सोलापूरचा उन्हाळा! हिला सगळं आयतं मिळालं.

२२ ऑगस्ट
पोरगी कंत्राटी, आणि कुलसचिव साहेब तिच्यासाठी चहा मागवतात.

२७ ऑगस्ट
तिनं सगळ्यांसमोर विचारलं, जुनं पोर्टल दर अमावास्येला बंद का असायचं? ऑफिस फिदीफिदी हसलं. कुणीतरी म्हणालं, नारायणरावांचं सॉफ्टवेअर पंचांग बघून चालतं.

कारण साधं आहे. इथं अमावास्येला कुणी प्रबंध देत नाही, आई-बाप देऊच देत नाहीत. म्हणून त्या दिवशी पोर्टल बंद ठेवून मी सगळ्याची प्रत हातानं दुसऱ्या डिस्कवर घ्यायचो. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तीही हसत होती. म्हणालो, “काही नाही, जुनी सवय. काढून टाका.”

प्रत आपोआप निघते असं तिला वाटतंय. वाटू दे. एवढी हुशार आहे ना!

२ सप्टेंबर
अमावास्या. नवं पोर्टल दिवसभर चालू. एकही प्रबंध आला नाही. डिस्क माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली. जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर
सर्व्हर बसला. ड्रॉवरमधली डिस्क उत्कर्षाला काढून दिली; तिच्यावर ऑगस्टच्या अमावास्येपर्यंतचंच होतं, त्यानंतर आलेलं सगळं गेलं. दुधनीची विद्यार्थिनी रेश्मा रडत आली. तिच्या नोंदणीची मुदत ३१ ऑगस्टला संपली, शेवटच्या दिवशी तिनं प्रबंध चढवला होता. आता पुरावाच नाही. “मी भरलं होतं की सर. आता परत पयल्यापासून करायचं व्हय?”

उत्कर्षाचा चेहरा पांढराफटक. आधी मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मग रेश्माकडे बघवेना.

१३ सप्टेंबर
गुरुवारी चौकशी. विचारलं तर खरं सांगायचं, ठरवलंय.

१९ सप्टेंबर
मला विचारायच्या आधीच उत्कर्षा उभी राहिली. म्हणाली, “प्रतीचं सरांनी सांगितलं होतं. मीच विसरले.” चूक विद्यापीठाची ठरली, त्यामुळे रेश्माला मुदत वाढवून मिळाली. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली – हो, सांगितलं होतं.

बाहेर तिला विचारलं, असं का केलंस? आवाज न चढवता म्हणाली, “तुमच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, सर. मला दुसरी नोकरी मिळेल.”

मिळेलच तिला. याचाही हेवा वाटला.

२० सप्टेंबर
उत्कर्षाचं कंत्राट रद्द. पोर्टल पुन्हा माझ्याकडे. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “शेवटी अनुभव तो अनुभव, नारायणराव.” मी थँक्यू म्हणालो.