कार्ड तुझ्या हातून गेलं नव्हतं, ताई

प्रिय ताई,

उद्या सकाळी अकरा वाजता तुझ्या पल्लवीबरोबर तात्यापाऱ्यातल्या दुकानात कॅमेरा घ्यायला जायचं आहे. तिचा पहिला कॅमेरा. तू जाऊन दीड वर्ष झालं, आणि तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू होतीस तेव्हाच सांगायला हवी होती. आता लिहून तुझ्यापर्यंत काय पोचणार? पण लिहिल्याशिवाय उद्या त्या पोरीसमोर उभं राहवणार नाही.

परवा ती जेवायला आली होती. तुझ्यासारखीच, ताट समोर आलं की बोलायला लागते. "मामा, बताओ ना, कौनसा लूँ? और सब पहले ही सिखा देना. मम्मी जैसा नहीं होना चाहिए, पूरा कार्ड ही उड़ा दिया था उन्होंने!" आणि हसली. प्रेमानंच हसली गं. घरातला जुनाच विनोद तो, आणि सुरू केलेला तूच. लग्नात कुणी कॅमेरा पुढं केला की हात झटकायचीस, "मले नोका देऊ बाप्पा, मी कार्ड खातो."

मीही हसलो, ताई. आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

तुला आठवतं, कॅमेरा हवा असं तू मला पहिल्यांदा कधी म्हणालीस? तुझं ऑफिस शहरातून बाहेर, माळावर बांधत असलेल्या नव्या राजधानीत गेलं, तो पहिला हिवाळा. "दिनू, तिथं काईच नाही रे. रस्ता एवढा रुंद, का पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. पण रोज काहीतरी उभं होऊन राहिलं. मले एक कॅमेरा घेऊन दे." मी आमच्या हिंदी पेपरात बातमीदार, फोटोही स्वतःच काढणारा. म्हटलं, ताईला आता चांगला कॅमेरा दाखवू.

दुकानदारानं काउंटरवर पाच मांडले. मी मेगापिक्सेल बघत होतो, झूम बघत होतो. तू एकेक उचलून डब्याच्या पिशवीत घालून पाहत होतीस! तो वैतागला. "दीदी, बारा मेगापिक्सल है, बारा!" तू म्हणालीस, "हव भैया, बहुत अच्छा है. धूप में दिखता है क्या, वो बताओ." आणि कॅमेरा घेऊन सरळ पायरी उतरून उन्हात गेलीस. तो बिचारा मागोमाग धावला. ज्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना, तो परत केलास. मग डाव्या हातानं दुकानाचं शटर धरलंस आणि उजव्या एका हातानं बटण दाबता येतं का, ते पाहिलंस. बसमध्ये दुसरा हात दांडीला असणार म्हणून. चौथा कॅमेरा पास झाला. छोटा, साधा. मी नाक मुरडलं.

पुढं 'पहिला कॅमेरा कसा निवडाल' असले लेख मी पुरवणीसाठी कितीदा लिहिले! तुझ्या त्या तीन परीक्षांइतकं शहाणपणाचं त्यात काही नव्हतं. जो रोज बरोबर नेता येतो तो चांगला. एवढंच. पण तुझं नाव कधी घातलं नाही.

गच्चीवर मी तुला शिकवलं. कोपर बरगडीला टेकव. अर्धा श्वास सोड, मग बटण दाब. झूम करू नकोस, दोन पावलं पुढं जा. ऊन पाठीशी घे, पण माणसाचा चेहरा असेल तर बाजूनं येऊ दे, नाहीतर तो डोळे मिचकावतो. तू सगळं वहीत उतरवलंस आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलंस, "पुढं जा म्हणतं, पण पुढं नाली असली तर?"

शेवटी मी आमच्या धंद्याचा नियम सांगितला. निघण्यापूर्वी कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे सगळं पुसून कोरं करायचं. तू माझ्याकडे पाहतच राहिलीस. "कोरं काहून करू? भरायसाठीच घेतलं ना?"

"ऐनवेळी भरलेलं निघालं तर काय करशील?"

"माह्या कामात ऐनवेळ नाही, दिनू."

तू कधीच कोरं केलं नाहीस. रोज सकाळी बसमधून उतरलीस की थांब्यावरून, त्याच जागेवरून, त्याच दिशेनं एक फोटो. आधी धानाचं शेत. मग शेतात लाल झेंड्या. मग चर, खांब, भिंत. एका रविवारी तू मला ते सगळे फोटो बटण दाबत दाबत दाखवलेस, वहीची पानं उलटावीत तसे. माझं अर्धं लक्ष टीव्हीकडे होतं.

आणि सुकवारो बाई. थांब्यावर उकडलेले शिंगाडे विकायची ती. नव्या बांधकामासाठी तिचं घर लवकरच मोडायचं होतं, लेकीकडे जाणार होती. "दीदी, मोर घर के फोटू खींच दे न." तिच्या बोलीतलं 'मोर', म्हणजे 'माझ्या'. तू जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता तिच्या घरापर्यंत चालत गेलीस. दारात ती, मागं शेणानं सारवलेली भिंत, त्यावर तिनं काढलेली मोरांची जोडी. दिवाळीला कागदावर काढून देईन, असा शब्द दिलास तिला.

आता ते सांगतो.

भनपुरीत एका गोदामाचं उद्घाटन होतं. माझा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. मी सकाळीच तुझ्या घरी आलो. तू पिशवीतून कॅमेरा काढून दिलास. म्हणालीस, "सांभाळून रे." मग गोदामाच्या फाटकापाशी स्कूटर लावली, कॅमेरा सुरू केला, आणि अंगठ्यानं रोजच्यासारखं केलं. मेन्यू, खाली, खाली, होय. कित्येक वर्षांची सवय, ताई. पडद्यावर आलं, एकही फोटो नाही.

तेव्हाच मला कळलं.

यापुढचं जास्त वाईट आहे. कोरं केलेल्या कार्डावरचे फोटो लगेच जात नाहीत. त्यांच्यावर नवे पडेपर्यंत ते आत असतात. तिथंच कॅमेरा बंद करून कार्ड जाणकाराकडे नेलं, तर बहुतेक परत मिळतात. मला हे माहीत होतं. मी स्वतः छापलेलं होतं! पण रिबन कापायला दहा मिनिटं राहिली होती. आत गेलो. साठेक फोटो काढले. एक छापून आला, दोन कॉलम.

संध्याकाळी परत आलो तेव्हा रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तुला काय म्हणालो, आठवतं? "ताई, यात काहीच नव्हतं गं. तू कॅमेरा चालू असताना कार्ड बाहेर काढलं होतंस का?" खोटं सरळ बोललोही नाही. प्रश्न विचारला. बातमीदार ना मी!

तू खाटेवर बसलीस. "काढलं असन... काल पल्लवीच्या हातात होता, मी घाईनं हिसकला..." आणि लगेच स्वतःलाच थांबवलंस. "नाही, पोट्टीचं नाव नको. माह्याच हातून झालं." दहा वर्षांची पल्लवी दारात उभी होती. तिच्यावर येऊ नये म्हणून तू ते स्वतःवर घेतलंस, आणि मी ते तुझ्यावर राहू दिलं.

"दुकानात दाखवून पाह्यतं का?" तू विचारलंस. मी म्हटलं, काही उपयोग नाही. का म्हटलं? दुकानदारानं पहिल्या मिनिटात सांगितलं असतं की हे कुणीतरी फॉरमॅट केलंय. त्या साठांखाली न चिरडलेलं काहीतरी निघालं असतं, ताई. शेत निघालं असतं. मोर निघाले असते कदाचित.

मग तू एक थांबा आधी उतरायला लागलीस. मी विचारलं तर हसून म्हणालीस, "सुकवारो रोज विचारते, दीदी, मोर फोटू? काय तोंड दाखवू तिले? तेवढंच चालणं होते." उन्हाळ्यात, त्या सावली नसलेल्या रस्त्यावर. दिवाळीच्या आधीच ती बाई लेकीकडे निघून गेली. तुला तेव्हा जरा हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याचीही तुला लाज वाटली. हे तू मला सांगितलंस. मलाच! तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी?

त्याऐवजी मी काय केलं? भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि मी ताटात नवा कॅमेरा ठेवला. तुझ्या जुन्यापेक्षा मोठा, महागडा. तू खोका उघडलासुद्धा नाहीस. "मले मशीन जमत नाही, दिनू. तुह्या पेपरात कामी येईल." मी तो परत घेतला आणि पुढं चार वर्षं वापरला.

तू हुशार होतीस. उन्हात जाऊन पडदा पाहणारी बाई होतीस. पाच महिने एकाच जागेवरून एकच दिशा पाहण्याची तुझी चिकाटी माझ्यात कधी नव्हती. त्या बाईला मी पटवलं की तिला जमत नाही. आणि तुझी लेक तेच खरं धरून मोठी झाली.

सुकवारो बाईला शोधून काढीन, असं एक वाक्य वर लिहिलं होतं. खोडलं. तिला शोधून मी देणार काय?

पण पल्लवी आहे. उद्या दुकानात शिरण्याआधी, बाहेरच, तिला सगळं सांगेन. कार्ड कुणी पुसलं ते. साठ फोटोंचं. त्या प्रश्नाचं. दारात उभ्या असलेल्या तिला वाचवायला तू काय केलंस, तेही. मग कॅमेरा माझ्याबरोबर घ्यायचा की नाही, ते तिनं ठरवावं. ती विचारेल, "इतने साल क्यों नहीं बोले, मामा?" आयुष्यभर मी वाक्यं आधी जुळवून मगच तोंड उघडलं. उद्याचं उत्तर जुळवणार नाही. तोंडात येईल ते बोलेन, आणि तिचं बोलून होईपर्यंत तिथून हलणार नाही. हा माझा शब्द आहे, ताई.

तुझा अपराधी भाऊ,
दिनू