बाबांच्या मनगटावरचा पट्टा

१४ एप्रिल, मंगळ.
शाळेत पेपर चालू, मी वर्गावर, तेवढ्यात पुण्याहून नितीनचा फोन. "ताई, बाबांनी परत पट्टा काढला. तू जरा समजव ना यार." धाकटा भाऊ, पण हुकूम थोरल्याचे.
बाबा गावी, फोपनारला एकटे. होळीनंतर केळीच्या बागेत चक्कर येऊन पडले, तेव्हापासून हा पट्टा. मऊ, रबरासारखा. सेल नाही, चार्जिंग नाही, अंगाच्या उष्णतेवरच वीज तयार करतो म्हणे. नाडी बघतो. बाबा पडले तर तिघांच्या मोबाइलवर खबर: नितीन, त्याची बायको स्नेहल आणि मी. आतापर्यंत खबर आली ती एकच, रोज भर दुपारी: "पट्टा उतार दिया गया है।"
बाबांना फोन केला. "मले सांग, काहाले काढू मी? हातातच हाये."
बाबा हट्टी आहेत. खोटारडे नाहीत.

१९ एप्रिल, रवि.
फोपनारला जाऊन आले. कारण सापडलंसं वाटलं. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना चिकाचे डाग पडू नयेत म्हणून बाबा कोपरापर्यंत जुन्या धोतराचं फडकं गुंडाळतात. इथे सगळेच गुंडाळतात. पट्टा त्याच्याखाली! हवाच लागत नाही त्याला.
नितीनला सांगितलं. "मग फडकं बंद. सिंपल."
सिंपल म्हणे! कोयता कधी धरलाय का रे बाबा हातात?
बाबा मात्र "बरं" म्हणाले. पोराचं मन राखायचं, दुसरं काय.

२७ एप्रिल, सोम.
परत फोपनारला आले. बाबांचे हात बघवत नाहीत. काळे डाग, खाजवून खाजवून लाल. आणि फडकं सोडूनही खबर येतेच आहे.
आज नितीनने फोनवर त्यांनाच झापलं. "लहान मुलासारखं करू नका." सत्तरीच्या माणसाला! ज्याने याची फी भरायला...जाऊ दे.
"पोरगं मले लबाड समजते, बाई," बाबा म्हणाले. जेवलेही नाहीत. माझं तर डोकंच फिरलं.

३ मे, रवि.
निकाल लागला. नितीन पुढच्या रविवारी येणार, बाबांना कायमचं पुण्याला नेणार, केळी बटाईने, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला द्यायची. "ऐकतच नाहीत तर एकटं कसं ठेवणार?" मशीन सांगतं ते खरं, बाप सांगतो ते खोटं. वा रे वा!
ह्यांना म्हटलं, बघा तुमचा मेहुणा. हे म्हणाले, तुम्हा बहीणभावांत मी पडत नाही. शहाणे.
पट्ट्याच्या खोक्यातला माहितीचा कागद शोधून वाचला. अंग गरम, बाहेरची हवा थंड, त्या फरकावर वीज. हवा अंगापेक्षा थंड नाही तर वीज नाही. अरे देवा! एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे दुपारी थंड हवा कुठून आणायची? अंगापेक्षा हवाच जास्त तापलेली असते. वीज संपली की पट्टा गप्प, पट्टा गप्प झाला की म्हणे बाबांनी काढला!
लगेच नितीनला वाचून दाखवलं. "ताई, एवढ्या मोठ्या कंपनीने विचार केलाच असेल ना."
केला असेल की. एसीत बसून.

१० मे, रवि.
आला. मीही फोपनारला आलेली. परत तेच सांगायला लागले तर म्हणतो, "तू नेहमी बाबांचीच साइड घेतेस."
बाबांनी वाद घातला नाही. मनगटावरचा पट्टा सोडला, नितीनच्या मनगटाला बांधला. "मोटार बघून ये. पाणी कमी पडून राहिलं."
गेला. भर दुपार, म्हणून मागून पाणी घेऊन मीही गेले. मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत घामाने थबथबलेला. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पट्टा उतार दिया गया है। पाठोपाठ त्याला स्नेहलचा फोन, स्पीकरवर. "अहो, तुम्ही तिथे असून बाबांनी काढलाच ना?"
"बाबांनी नाही, मी घातलाय."
"मग तुम्ही कशाला काढला?"
"काढला नाही गं! हातातच आहे! मी कशाला खोटं बोलू?"
मी खदाखदा हसले. मग एकदम रडूच आलं. अगदी हेच वाक्य बाबा महिनाभर बोलत होते, तेव्हा कुणी ऐकलं?

११ मे, सोम.
सकाळीच नितीनने कंपनीला इंग्रजीत खरमरीत लिहिलं. चहा होईस्तोवर उत्तर आलं: फार उष्ण हवेत पट्टा बंद पडतो, सॉरी. सगळ्यांना वाचून दाखवलं, छाती फुगवून. "बघा बाबा, सॉरी म्हणायला लावलं की नाही त्यांना?"
"चांगलं झालं," बाबा म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. टोपी हातात. कशाची वाट बघत होते ते मला दिसत होतं. याला नाही दिसलं.
मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "बाबा, तुमची बॅग भरली का?"
बाबा ओट्यावर जाऊन बसलेत. गाडी चारला निघणार म्हणे. बॅग मी भरणार, असं नितीन धरून चालला आहे. मी हात लावलेला नाही.