इंजिनातली नणंद

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोळ्यांना अजून नको तेवढं दिसतं. तुझा खोकला गेला का? गेला असेल तर तसं कळव, कारण तुझी काही खबर आली नाही की मी वाईट तेच धरून चालते. (ऱ्हस्वदीर्घ तू नीट करून वाच. शाळेत माझं लक्ष नव्हतं आणि मास्तरांचंही नव्हतं.)

सांगायचं ते आपल्या जुन्या गाडीचं, तुझे भावजी मागे ठेवून गेले तिचं. थंडी सुरू झाली तसा तिच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. आकार नळासारखा. मी म्हटलं, कुठून तरी पाणी गळतंय, तर तुझा भाचा म्हणतो, ते इंजिनाचं चित्र आहे. (काढणाऱ्याने इंजिन पाहिलेलं नसावं.) दिवा विझेना. गाडी उभी केली की थरथरायची, मागून काळा धूर सोडायची, आणि तापल्यावर बंद केली तर पुन्हा सुरू व्हायला नखरे. भाच्याने लगेच जाहीर केलं, गाडी म्हातारी झाली, विकून टाकू. म्हातारी म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं, ते मी लक्षात ठेवलंय. आता गाडी गेली तर मी तुझ्याकडे यायचं कसं? बसमध्ये मला दुसऱ्याच वळणावर उलटी होते, हे तुला माहीत आहे, कारण ती पहिल्यांदा झाली तेव्हा शेजारी तू बसली होतीस.

मला तेव्हाच वास आला, आणि पेट्रोलचा नव्हे. धडधाकट गाडी एका थंडीत म्हातारी होत नाही, तिला कोणीतरी करतं. सूनबाईला गाडीच्या जागेत कुंड्या ठेवायच्या आहेत. शिवाय या घरातून वस्तू नाहीशा होतात. (कोणत्या ते पुढे लिहीन.) आणि भाच्याने मेकॅनिक आणला तो असा, की बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "आजी, विकायचीय का? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे." डॉक्टरने नाडी बघायच्या आधी तिरडी विचारावी तसं झालं. मी खुर्ची आणून गाडीसमोरच बसले.

त्याने आत एक यंत्र जोडलं आणि म्हणाला, सेन्सर गेला. मला सेन्सर माहीत होता तो सिनेमातलं नको ते कापणारा, त्याचं गाडीत काय काम? तर हा वेगळा निघाला. इंजिनाच्या पाण्यात तोंड बुडवून बसायचं, आणि पाणी किती तापलंय ते आतल्या कॉम्प्युटरला सांगायचं, एवढाच त्याचा धंदा. म्हणजे माझी थोरली नणंदच म्हण. स्वयंपाकघरात कोणाचं डोकं किती तापलंय ते ओसरीवर पोचवायची. आमच्या गाडीतली नणंद सांगत होती की पाणी बर्फापेक्षाही गार आहे, आणि कॉम्प्युटर तिच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत होता. (माझ्या सासूबाईही अशाच ओतायच्या, पेट्रोल नव्हे, आगीत तेल.) मेकॅनिकने जुना सेन्सर काढून नवा बसवला. करंगळीएवढी पितळेची वस्तू. यंत्र लावलं तर पुन्हा तोच बर्फ, पुन्हा तोच दिवा. तो म्हणाला, मग कॉम्प्युटरच गेला असेल, आता विकलेलीच बरी. भाच्याने मान हलवली. दोघांच्या माना एकाच वेळी हलल्या, ही गोष्ट साधी नाही.

मी म्हटलं, आधी तो जुना माझ्यासमोर तपास. तो म्हणे, होईल की, गरम पाण्यात सोडून मीटर लावायचा, पाणी तापेल तसा आकडा उतरायला हवा. त्याने किटली पुढे केली. मी ती घेतली नाही. माझ्या पातेल्यात, माझ्या गॅसवर, माझं पाणी उकळून आणलं. सोडला सेन्सर, आणि आकडा असा भराभर उतरला की मेकॅनिकने मीटर हलवून बघितला. जुनी नणंद खरं बोलत होती गं. तिचा निरोपच पोचत नव्हता.

तेव्हा मला कळलं की निरोप नेणारी वायर कोणीतरी कापली. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याने हे केलं असेल त्याने जन्मात या गाडीत पाय ठेवायचा नाही." सूनबाईकडे बघत म्हणाले. भाचा म्हणाला, "ठरलं आई. आणि गाडीत दोष नसेल तर मी विकणार नाही." माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

मेकॅनिक वायरीच्या मागे मागे हात घालत इंजिनाच्या पार पाठीमागे गेला. तिथे वायर कुरतडलेली निघाली. उंदराचे दात. आणि तिथेच मूठभर कापूस आणि कापडाचे तुकडे, त्यांवर निळी फुलं. भाच्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला. म्हणाला, उंदीर स्वतःचं अंथरूण घेऊन येत नाही, हे कोणीतरी आत घातलंय. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, काय काय निघेल.

वायर जोडली, दिवा विझला, इंजिन आता नव्या सुनेसारखं हळू आवाजात बोलतं. गाडी विकायची नाही. रविवारी भाचा मला तुझ्याकडे घेऊन येतोय. तो तुकडा त्याने खिशात ठेवला आहे.

तुझी,
थोरली

ता. क. तू दर भेटीत विचारतेस ती तुझी निळ्या फुलांची गोधडी. मी नेली नाही असं मी आजवर सांगत आले, तेच खरं मान. रविवारी भाचा तिचा विषय काढेल, तेव्हा तू म्हणायचं की ती तुझ्याच ट्रंकेत सापडली आणि धुवायला टाकली आहे. चेहरा सरळ ठेव. मी रोज रात्री तिने इंजिन झाकायची आणि सकाळी काढून घ्यायची, बिचारं गारठू नये म्हणून. एका सकाळी ती दिसेना. मला वाटलं, सूनबाईने लाटली. मागे घसरली असेल असं कोणाच्या मनात येईल?

ता. क. दुसरा. थंडी अजून आहे. तुझ्याकडे एखादं जुनं पांघरूण असेल तर काढून ठेव, येताना नेईन. बिनफुलांचं बघ.