इथे पाणी मुरत नाही

४ एप्रिल
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार म्हणजे लिहिणार.
कुरणाचा चार्ज माझ्याकडे आला. खाणीतला कोळसा संपला, खड्डा भरला, वर माती अंथरली. आता तिथे गवत उगवून दाखवायचं. तपासणीत पास झालं की जमीन ज्याची त्याला परत. त्यातला वरचा तुकडा आमच्या दादाचा. तो गायी गोठ्यात बांधून, विकतचा चारा घालत वाट बघतोय. मी संध्याकाळीच जाऊन सांगितलं, निर्धास्त राहा. वहिनीने विचारलं, भावजी, जमेल ना? हा काय प्रश्न झाला! उभा जन्म डंपरचे रस्ते बांधण्यात गेला माझा. गवत म्हणजे काय मोठंसं!

६ एप्रिल
जागेवर गेलो. माती इतकी भुसभुशीत की बूट आत गेला. शरम वाटली. बीवाला म्हणतो, छान आहे, अशीच राहू द्या. त्याचं काय जातंय? बी विकून तो मोकळा. भुसभुशीत जमिनीवर गाय उभी तरी राहील का? पाया कच्चा तर सगळंच कच्चं. ठरलं. आधी रोलर.

११ एप्रिल
(मधले दिवस राहिले. कामाचा व्याप.)
रोलर फिरवला. ड्रायव्हर विचारतो, साहेब, गवत लावायचंय की क्रिकेट खेळायचंय? त्याला म्हटलं, तू स्टिअरिंग सांभाळ.

१२ एप्रिल
पुन्हा रोलर. आता टाच आपटली तर टाच दुखते. याला म्हणतात काम. बायको सांगत होती, ऑफिसात मला पाठीमागे ‘रोलर’ म्हणतात. म्हणू देत. नाव काय उगाच पडतं?

२० मे
पेरणी. बी जमिनीवर घरंगळतं. बरंच वाऱ्याने कुंपणाकडे गेलं. जिथे जाईल तिथे उगवेल.

१८ जून
कुरणात पाणी साचलंय. थेंबभर वाया जात नाही. बायकोला मुद्दाम नेऊन दाखवलं. ती म्हणाली, अहो, गायी राहू द्या, बदकं पाळा. हिला कशाचं कौतुकच नाही.

२ जुलै, सकाळ
हिरवं!! ऑफिसच्या खिडकीतून स्पष्ट दिसतंय. तडक दादाकडे. तो बघायला निघालाच होता, मीच थांबवलं. म्हटलं, गुडघा दुखतो ना तुझा, सावकाश ये.

२ जुलै, संध्याकाळ
जवळ जाऊन पाहिलं. शेवाळ आहे. पण हिरवंच आहे ना? सुरुवात कुठून तरी होतेच. दादाला लगेच सांगायला नको, उगाच जीव टांगणीला.

९ जुलै
कुंपणाच्या कडेने, जिथे रोलर वळवता येत नव्हता, तिथे मांडीभर गवत. विचार केला आणि कारण सापडलं. गवताला कुंपण मानवतं. वरच्या साहेबांना अर्ज केला, मध्ये मध्ये आणखी कुंपणं हवीत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला रजा घ्या म्हणाले. काळजी घेतात माणसं.

२७ जुलै
दादाकडे व्यापारी बसला होता. सगळ्या गायी एकदम न्यायला तयार. दादा म्हणाला, चारा पुरत नाही, त्यांच्या बरगड्या बघवत नाहीत, देऊन टाकू का? मी व्यापाऱ्यादेखत शब्द दिला, एकही गाय विकायची नाही, तपासणी झाली की सोड कुरणात. दादाने त्याला परत पाठवलं. वहिनी उठून आत गेली. विश्वास बसला असणार.

१८ ऑगस्ट
तपासणी!! बाई आल्या. जमिनीत सळई खुपसायला गेल्या, सळई वाकली. (मनातल्या मनात टाळी वाजवली.) मग कुदळीने खड्डा करून त्यात पाणी ओतलं आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. शेवटी चारचौघांत म्हणाल्या, “इथे पाणी मुरत नाही.”
डोळे भरून आले. आमच्या कंपनीत जिकडेतिकडे पाणी मुरतंय, हे लहान पोरही सांगेल. डिझेलमध्ये मुरतं, टेंडरमध्ये मुरतं. एकट्या माझ्या साइटवर मुरत नाही, आणि हे बाहेरच्या माणसाने सांगावं! मी बाईंचे आभार मानले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. अशी विनम्र माणसं हल्ली दिसत नाहीत ना.
धावत दादाकडे. म्हटलं, सोड गायी.

१९ ऑगस्ट
गायी कुरणात आल्या. शेवाळ हुंगलं, इकडेतिकडे पाहिलं आणि परत फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. कोंडून राहिलेल्या, मोकळ्यावर चरायची सवय कुठली! दादाने वाकून जमिनीला हात लावला. मी त्याला सळईचं सांगितलं. तो हूं म्हणाला.

५ सप्टेंबर
रिपोर्ट आला. नापास. कारण तेच एक वाक्य. खाली खुलासा: जमीन दाबून दगड केली आहे, पाणी आत जात नाही, मूळ धरत नाही. सगळं खोल नांगरून नव्याने सुरुवात करा, तोवर जमीन परत देऊ नये. म्हणजे वर्षानुवर्षं. बाई पाण्याबद्दल बोलत होत्या. नुसत्या पाण्याबद्दल.
दादाला मीच जाऊन सांगितलं. निदान तेवढं तरी केलं.

११ सप्टेंबर
व्यापारी आला. गोठ्याकडची वाट चिखलात गेलीये, म्हणून त्याने ट्रक कुरणावरून घातला. गायी चढेनात. दादाने एकेकीला नावाने हाक मारली, तेव्हा चढल्या. भरलेला ट्रक कुठेही न रुतता निघून गेला.
दादा म्हणाला, “रस्ता चांगला केलास.”
चेष्टा असती तर मी भांडलो असतो. चेष्टा नव्हती. त्याला माझं काहीतरी चांगलं म्हणायचं होतं आणि तेवढंच सापडलं.
वहिनी रिकामा गोठा झाडत होती. मी दारात उभा होतो. बसा म्हणाली नाही.