पालथा पेला

गंगाखेड,
शनिवार, ११ नोव्हेंबर १९४४

प्रिय आबा,

काल, शुक्रवार दिनांक १० नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या पेल्याला हात लावलास. तारीख आणि वेळ आधी लिहिते, कारण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी तक्रार अशीच लिहायला शिकवली: आधी वेळ, मग गुन्हा, रडणं शेवटी आणि शक्यतो नाहीच. आज सकाळी त्या खोलीला तुझं कुलूप पाहिलं. म्हणजे गुन्हे दोन झाले.

एका पेल्यावरून आक्का एवढी का तापली, असं तुला वाटेल. तुझ्या कापसाच्या जिनामागची सरकीची खोली किशनराव जमादारांनी मागितली, तेव्हा तू भजनासाठी आहे असं समजून दिलीस. तिथे भजन नसतं, एवढं तुला एव्हाना गावातून कळलंच आहे. जुम्म्याच्या सुट्टीला दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी दहा-बारा माणसं तिथे बसतात. किशनरावांनी स्वतः सात वर्षांपूर्वी सोडली. उपदेश नाही, शपथा नाहीत. एकाच्या भांड्यातलं पाणी दुसऱ्या जातीला चालत नाही, म्हणून प्रत्येकजण पेला घरून आणतो. किशनरावांनी त्या अडचणीचाच नियम केला. आठवडाभर थेंब घेतला नसेल त्याने पेला सरळ ठेवायचा, मग ते घागरीतून पाणी वाढतात. घेतली असेल त्याने पालथा ठेवायचा, आपली पाळी आली की काय झालं ते सांगायचं, आणि मग स्वतःच्या हाताने तो सरळ करायचा. दुसऱ्याच्या पेल्याला कुणी शिवायचं नाही.

या जागेचा पत्ता मला कुणी दिला नाही. भाद्रपदात एकदा जिनामागून जाताना आतला आवाज ऐकला आणि दाराशी उभी राहिले. अठ्ठावीस वर्षं मुलींना शिकवलेल्या बाईला दाराशी उभं राहायला लाज वाटली नाही, आत जायला वाटली. शेवटी किशनरावांनीच विचारलं, बाई, हजेरी लिहाल का? मी लगेच हो म्हटलं. हातात वही असली की कुणी काही विचारत नाही.

तुझ्याच जिनात कापूस निवडणारी झुंबरबाई तिथे येते. नवरा गेल्यापासून शिंदीच्या गुत्त्यावर बसायची. पाच शुक्रवार तिचा पेला पालथा होता. सहाव्या शुक्रवारी सरळ ठेवला आणि पाणी इतक्या घाईने प्याली की निम्मं लुगड्यावर सांडलं. सगळे हसले, तीही हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आमचं समदं तुमी लिहून घेताव. तुमचं कोण लिहावं?" मी तिला गप्प बस म्हटलं. वर्गातल्या आवाजात.

आणि काल तू आलास. जोड्यांसकट, परभणीच्या वकिलांना घेऊन. "बघा वकीलसाहेब, आमच्या आक्का! रिटायर झाल्या तरी स्वस्थ बसवत न्हाई. या दारुड्यांना माणसात आणायल्यात." मग तुझी नजर खाली गेली. "अन् आक्काचा पेला पालथा? बाईमाणसाला पाणी विचारायची अक्कल न्हाई का रे कुणाला?" तुझा गाडीवान मुंजाजी, तोही तिथे बसतो, हात जोडून म्हणाला, "मालक, नका." त्याला तू तोंड आवर म्हणालास, पेला सरळ केलास, पाणी ओतलंस आणि माझ्या हातात दिलंस. खोलीतली सगळी माणसं खाली बघत होती. ज्यांना तू दारुडे म्हणालास, त्यांनी माझी अब्रू झाकली. आणि मी ते पाणी प्याले, आबा! घटाघटा.

तुझी बहीण दारुड्यांत बसते म्हणून परतताना गाडीत वकील काय हसले, ते मुंजाजीने सांगितलं. तेवढ्यावरून तुला घराण्याची अब्रू आठवली आणि सकाळी कुलूप लागलं.

तो पेला कुणी चुकून पालथा ठेवला नव्हता. मीच ठेवला होता. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दोन चमचे ब्रँडी सांगितली होती. दोन महिन्यांत चमचा बाजूला पडला. परभणीहून ती बाटली आक्काचं औषध म्हणून कोण आणतं, ते तुला माहीत आहे. नऊ शुक्रवार मी पेला सरळ ठेवला, त्या माणसांसमोर खोटं पाणी प्याले आणि वहीत त्यांचं खरं लिहिलं. सोमवारी अर्धी बाटली संपवली. काल पहिल्यांदा पेला पालथा ठेवला. माझी बोलायची पाळी यायच्या आधी चारच जण उरले होते. जे बोलायला मला एवढे दिवस लागले, ते तू एका हाताने सरळ करून टाकलंस. पुन्हा तेवढं धैर्य येईल की नाही, ठाऊक नाही. म्हणूनच ती खोली मला हवी आहे.

गुरुवार, १६ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत किल्ली आणि तुझ्या हातचं लेखी उत्तर मला मिळालं पाहिजे. त्यात दोन वाक्यं हवीत: खोली दर शुक्रवारी उघडी राहील, आणि तू कुणाच्या पेल्याला हात लावणार नाहीस. बाटली यापुढे आणू नकोस, हे लिहून द्यायची गरज नाही. उत्तर आलं नाही, तर शुक्रवारी चार वाजता मी तुझ्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसेन आणि पेला पालथा ठेवीन. वकीलसाहेबांनाही बोलाव. यावेळी माझं मीच सांगेन.

तुझीच, आणि अजून रागातच,
मनकर्णाआक्का