केयाला माळलेलं फूल

१२ जुलै, शुक्रवार
पोचलो एकदाचे. सनीव्हेलहून सहा तास ड्राइव्ह. जावई ईशान वाटेत तीनदा म्हणाला, आई, नऊ हजार फूट आहे, पाणी पीत राहा. जणू मी पाणी प्यायला शिकायलाच अमेरिकेत आलेय. केबिन मात्र सुरेख. झाडं इथे संपतात, मागे उघडा डोंगर आणि जुलैतही बर्फाचे पट्टे. चौतीस वर्षं साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं, कासचं पठार पालथं घातलं, पण बर्फ वितळल्यावर उमलणारी फुलं फक्त पुस्तकात पाहिली. आता या वहीत टिपणार.

लेक हिमानी आणि ईशान म्हणे सुट्टीवर. बॅगांच्या आधी लॅपटॉप उघडले. नात केया सात वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. आमच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की सिस्टर पट्टी मारायच्या. हिला कोण मारतं? तरी मराठीचा एक शब्द नाही.

१३ जुलै
पायवाटेवर रेंजर मुलीनं बजावलं, फोटो काढा, फुलं तोडू नका. हे वाक्य मी तिच्या जन्माआधीपासून पोरांना ऐकवतेय, आणि ही मला शिकवणार!

तासाभराच्या चढावर एका काळ्या खडकाभोवती गोल करून पांढरी फुलं. मोजली, बारा. पाकळ्यांत निळ्या शिरा. पुस्तकात नाहीत. मी वाकून पाहत होते, तेवढ्यात केयानं पदर ओढला आणि पहिल्यांदा मराठीत म्हणाली, आजी, मला फूल लाव ना.

तोडलं. मी! तिच्या वेणीत माळलं. इतका वेळ झोंबणारा वारा एकदम थांबला.

१४ जुलै
फूल कालच्यासारखंच टवटवीत. केया सकाळपासून अस्खलित मराठी बोलतेय. हिमानीचे डोळे भरून आले. ईशाननं व्हिडिओ काढून नागपूरला आपल्या आईवडिलांना धाडला. मी म्हटलं, शेवटी शिकवणारी कोण आहे!

१५ जुलै
केया डोंगराकडच्या खिडकीतून हलत नाही. हिमानीनं नेहमीप्रमाणे इंग्रजीत हाक मारली. केयानं मला विचारलं, ही बाई काय बोलते? हिमानी हसली, नौटंकी म्हणाली. मला हसू आलं नाही. पोरीचे हात बर्फासारखे.

फूल काढायला गेले. निघेना. केस बाजूला केले तर कानामागे दोऱ्याएवढं पांढरं मूळ, कातडीखाली गेलेलं. जरा ओढलं तर तिच्या नाकातून रक्त.

१६ जुलै
मी तोडलं, हे दोघांना सांगितलं. ईशाननं केयाला उचललं. गाडीत घालून हॉस्पिटलला निघालो. दर वळणाला तिचे ओठ निळे होत गेले. दहाव्या वळणावर श्वास थांबला. मी ओरडले, गाडी फिरव! चढ लागला तसा श्वास परत आला.

ईशान फोनवर हेलिकॉप्टर मागतोय. पण तेही खालीच नेणार.

१७ जुलै, सकाळ
हिमानी फोनवर होती तेव्हा केयानं मला जवळ बोलावलं. आवाज तिचा नव्हता. म्हणाली, आम्ही बारा होतो. जागा रिकामी राहत नाही. आज ही येईल, नाहीतर जिनं तोडलं ती.

हिमानीला सांगणार नाही. ती मला जाऊ देणार नाही.

दुपार, खडकापाशी
केयाला घेऊन आले. चढावर तिनंच मला ओढत नेलं. अकरा फुलं — एक खळगा —
म्हटलं, मी येते, हिला सोडा.
तिच्या वेणीतलं फूल अलगद हातात आलं. मुळासकट. माझ्या अंबाड्यात खोवलं.

केया रडली. खरं, मोठ्यानं. आता उतारावरून धावतेय, मम्मी मम्मी करत, सगळं इंग्रजीत — किती गोड लागतंय कानाला —

खालून लाल जाकीट येतंय. हिमानी. तिनं केयाला उचललं. देवा —

हिमानी, वही मिळाली तर — इथली बारा फुलं — एकही तोडू नकोस — मला शोधायला म्हणूनसुद्धा —

थंडी वाजत नाही. कानामागे काहीतरी सर —

वारा थांबला.

लाल जाकिटातली बाई वर धावत येतेय. रडतेय. कोण आहे ही? मला आई का म्हण