पापणी कुठून ओढली जाते

४ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! पापणीला मी सुरी लावणार नाही, छेद गळ्याखाली द्यायचा. मोठ्या सरांना आज तोंडावर सांगितलं.

पेशंट बाई बस चालवतात. लहानपणी भाजल्या होत्या — गालापासून गळ्याखालच्या हाडापर्यंत व्रण. उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढलेली, त्यामुळे डोळा झोपेतही उघडा. कोरडा पडून बुबुळावर पांढरा ठिपका धरायला लागलाय. तो वाढला की नजर जाणार, बसची नोकरी त्याआधीच जाणार. सरांनी दोनदा पापणीवर नवी कातडी लावली. दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा तेच!

"मान तर छान वळते तिची. गळ्याचा काय संबंध?" — सर.

संबंध आहे! मी तळहाताने छातीवरची कातडी वर सरकवली आणि डोळा मिटला. तर म्हणे, "ढकललं तर काय वाट्टेल ते मिटेल."

६ फेब्रुवारी

रबर एका जागी ओढलं की ताण जवळपासच विरतो. कातडीचं तसं नाही. आत तंतूंची जाळी असते. ओढ बसली की वाकडेतिकडे तंतू तिच्या दिशेने सरळ होतात, ताठ होतात आणि ताण पार लांब नेतात. स्वेटरचा धागा खाली खिळ्यात अडकतो आणि चुणी खांद्याशी पडते, तसं. व्रणात तर तंतू आधीच एका रांगेत.

बोलून उपयोग नाही. दाखवायलाच हवं.

८ फेब्रुवारी

नवऱ्यावर रंगीत तालीम! गालापासून छातीपर्यंत शाईचे ठिपके काढले, हनुवटी वर करायला लावली, फोटो घेतले. तेवढ्यात बेल वाजली आणि हा तसाच दार उघडायला गेला. शेजारच्या काकू दोन पावलं मागे! सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाचं पार सोंग करून टाकलंस."

ठिपके सगळीकडे थोडेथोडे हलले. निरोगी कातडीत असंच व्हायला हवं.

९ फेब्रुवारी

आज बाईंवर. हनुवटी वर — आणि हाडापासून पापणीपर्यंत एकच पट्टा सरकला! शेजारचे ठिपके ढिम्म. सर बराच वेळ फोटो बघत होते. "कर. पण फसलं तर तू निस्तर."

निस्तरेन की!

बाई एवढंच म्हणाल्या, "दिसायला कशीही असू दे डॉक्टर, मला गाडी चालवायची आहे."

१७ फेब्रुवारी

गळ्याखाली छेद दिला. व्रण सुटला आणि कडा तळहाताएवढ्या लांब गेल्या. एवढी ओढ तिथे दबा धरून बसली होती! त्या जागी मांडीची कातडी लावली. पापणी आपणहून वर आली — मी बोटही लावलं नव्हतं. सर मास्कमधून "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

२४ फेब्रुवारी

लावलेली कातडी धरली. डोळा पूर्ण मिटतो. आज माझे पाय जमिनीवर नाहीत!

१२ मार्च

बाई नवऱ्याला घेऊन तपासणीला आल्या. बुबुळावरचा ठिपका वाढलेला नाही. घरची गंमत नवरा हसत सांगू लागला, पुढचं बाईंनीच पुरं केलं. घरी गेल्यावर दुपारी त्या आडव्या झाल्या. चार वर्षांची मुलगी खोलीत आली. दोन्ही डोळे मिटलेली आई तिने जन्मात पाहिली नव्हती. "आई मेली!" म्हणून किंचाळत रस्त्यापर्यंत पळाली.

मला एकदम रडूच आलं, त्यांच्यासमोरच.

आता रोज निजण्याआधी बाई तिला जवळ घेऊन सांगतात — मी झोपतेय हं, नुसती झोपतेय.